‘ब्रेक’, ‘ब्रोकन’ आणि ‘दलित’ : मोडण्याच्या शब्दांचा इतिहास

इंग्रजीतील ‘ब्रेक’ हा शब्द मराठी माणसाला आता परका राहिलेला नाही. शाळेत ब्रेक होतो, दूरचित्रवाणीवर ब्रेक येतो, खेळाडू ब्रेक घेतो आणि घाटात गाडीचा ब्रेक लागतो. गाडीचा ब्रेक इंग्रजीत वेगळ्या अक्षरांनी लिहितात आणि त्याचा इतिहासही थोडा निराळा आहे. पण देवनागरीत हे सारे ब्रेक एकाच घरात नांदतात. नीट पाहिले तर मराठीने या शब्दाकडून प्रामुख्याने थांबण्याचा अर्थ उसना घेतला आहे. ‘ब्रेकअप’ किंवा ‘रेकॉर्डब्रेक’ असे मोजके जोडशब्द सोडले, तर मोडण्याचा अर्थ आपण घेतलेला नाही. तो घेण्याची गरजच नव्हती. मोडतोडीच्या शब्दांत मराठी कधीच गरीब नव्हती. ‘ब्रेक’चा तो मूळ अर्थ मात्र अगदी वेगळ्या वाटेने, एका समाजशास्त्रीय ग्रंथातून, महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासात आला. त्या वाटेचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप ‘ब्रेकन’ असे होते. जर्मनमधील ‘ब्रेखेन’, डचमधील ‘ब्रेकेन’ आणि गॉथिकमधील ‘ब्रिकान’ ही त्याची सख्खी भावंडे. लॅटिनमधील ‘फ्रांगेरे’ हे क्रियापदही याच मूळ इंडो-युरोपीय धातूपासून आलेले आहे. लॅटिन शाखेतून इंग्रजीला ‘फ्रॅक्चर’, ‘फ्रॅक्शन’, ‘फ्रॅगमेंट’, ‘फ्रॅजाइल’ हे शब्द मिळाले. म्हणजे एकाच कुळातील दोन शाखा इंग्रजीत पुन्हा एकत्र आल्या : घरगुती बोलण्यात ‘ब्रेक’, आणि दवाखान्यात, गणितात व ग्रंथालयात ‘फ्रॅक्चर’ व ‘फ्रॅक्शन’. संस्कृतमधील ‘भञ्ज्’ हा धातू, ज्यापासून आपले ‘भंग’, ‘भग्न’, ‘भंगणे’ हे शब्द आले, अर्थाने या कुळाला जवळचा वाटतो. पण त्यात ‘र’ नाही, आणि व्युत्पत्तिकार त्याला सामान्यतः निराळ्या मुळाशी जोडतात. ध्वनिसाम्यावरून नाती जुळवण्याचा मोह आपल्याकडे मोठा आहे, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

इंग्रजी ‘ब्रेक’चा विस्तार विलक्षण आहे. काठी, काच, हाड, यंत्र, वचन, कायदा, विक्रम, मौन हे सारे इंग्रजीत एकाच क्रियापदाने मोडते. मराठीत मात्र वस्तू बदलली की क्रियापद बदलते. काठी मोडते, काच फुटते, दोरा तुटतो, कापड फाटते, भिंतीला तडा जातो, भाकरीचा तुकडा मोडतो, मौन सुटते आणि शांतता भंगते. मराठी बोलणाऱ्या मुलाला हा विवेक कोणी शिकवावा लागत नाही. दोरा ‘फुटला’ असे ते क्वचितच म्हणते. कापण्या-मोडण्याच्या क्रियांना जगातील भाषा कोणत्या कप्प्यांत घालतात, याचा अभ्यास ॲसिफा मजीद, मेलिसा बाउरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अठ्ठावीस भाषांची तुलना करून केला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या अनुभवाचे मूळ क्षेत्र भाषांमध्ये बरेचसे समान असते, पण त्या क्षेत्रातील सीमारेषा प्रत्येक भाषा आपल्या परीने आखते, असे त्यातून दिसले. मराठीने आपल्या रेषा दाट आखल्या आहेत.

दुसरा भेद व्याकरणाचा आहे, आणि आमच्या विषयाला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. चार्ल्स फिलमोर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मारणे आणि मोडणे या अर्थांच्या इंग्रजी क्रियापदांवर एक निबंध लिहिला. त्याचे निरीक्षण साधे होते. ‘ब्रेक’ हे क्रियापद इंग्रजीत सकर्मकही आहे आणि अकर्मकही. मुलाने काच फोडली हे सांगायला जे रूप, तेच काच फुटली हे सांगायला. ‘हिट’ या क्रियापदाला ही सोय नाही. तेथे मारणारा कोणीतरी लागतोच. मराठीत या दोन स्थितींसाठी बहुधा दोन वेगळी क्रियापदे असतात : फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे. बोलणाऱ्याला निवड करावीच लागते. घडले की घडवले, हा प्रश्न क्रियापदातच उभा असतो. ‘मोडणे’ हे एक क्रियापद मात्र इंग्रजी ‘ब्रेक’सारखे दोन्हीकडे चालते, काठी आपोआपही मोडते आणि कोणी ती मोडतोही. ‘त्याची काठी मोडली’ या वाक्यात काठी मोडणारा कोण, हे वाक्य सांगत नाही. कर्ता लपवण्याची ही सोय व्याकरणात निरुपद्रवी असते. इतिहासलेखनात ती तशी राहत नाही.

मोडण्याच्या नैतिक अर्थांतही दोन भाषांची रीत निराळी आहे. इंग्रजीतील ‘ब्रेकफास्ट’ म्हणजे उपास संपवणे; सकाळच्या न्याहारीला पंधराव्या शतकापासून हे नाव आहे. पण उपास नियमाप्रमाणे संपवला काय किंवा मध्येच नियम मोडून खाल्ले काय, इंग्रजीला क्रियापद एकच पुरते. मराठीत उपास ‘सोडणे’ हे पुण्याचे आणि ‘मोडणे’ हे पापाचे. पहाटेला इंग्रजीत दिवस ‘ब्रेक’ होतो. मराठीत तांबडे फुटते. इंग्रजीत नोट सुटी करणे हे ‘ब्रेक’. मराठीतही आपण नोट मोडतो आणि हातात येणाऱ्या सुट्या पैशांना मोड म्हणतो. आणि भिजवलेल्या मटकीला येतात तेही मोडच. काही मोडणे तर आपल्याला उच्चारवतही नाही : नारळ ‘वाढवतात’, बांगडी ‘वाढते’, मंगळसूत्र ‘वाढवले’ जाते. जे फुटल्याने अशुभ ओढवेल असे वाटते, त्याला आपण वाढण्याचे नाव देतो. शब्दाला घाबरणारी माणसे शब्दाचे सामर्थ्य ओळखून असतात, एवढे यातून निश्चित कळते.

आता ‘ब्रोकन’ या धातुसाधिताकडे वळू. इंग्रजीत या रूपाला दोन इतिहास आहेत. एक धार्मिक. विल्यम टिंडलने १५२६ मध्ये केलेल्या नव्या कराराच्या इंग्रजी भाषांतरात भग्नहृदयी माणसांसाठी ‘ब्रोकन’ आणि ‘हार्ट’ यांचा जोड आला, आणि १६११ च्या अधिकृत बायबलमुळे तो घरोघरी पोचला. तेथील स्तोत्रांत ‘ब्रोकन’च्या शेजारी ‘कॉन्ट्राइट’ हा शब्द बसतो. त्याचे लॅटिन मूळ घासून, रगडून चूर्ण झालेले असे आहे. ख्रिस्ती परंपरेत असे मोडलेले, चूर्ण झालेले हृदय ईश्वराला प्रिय मानले जाते. मोडणे ही तेथे कृपेची पूर्वअट आहे. इंग्रजी कवितेत पुढे भग्नहृदयाचे जे अमाप पीक आले, त्याच्या मुळाशी ही धारणा आहे.

दुसरा इतिहास व्यवहाराचा आणि कायद्याचा. इटालियन भाषेत सावकाराचे बाकडे मोडणे या अर्थाच्या शब्दांवरून सोळाव्या शतकात इंग्रजीत ‘बँक्रप्ट’ आला. ‘ब्रोक’ हे जुने धातुसाधित आजही कफल्लक या अर्थाने टिकून आहे. त्याच सुमारास स्कॉटलंडच्या कायद्यात ‘ब्रोकन मेन’ ही संज्ञा वावरताना दिसते. ज्यांच्या वर्तनाची हमी घेणारा कुळाचा प्रमुख नाही, अशा कुलहीन माणसांना ती लावली जाई. १५८७ च्या कायद्याने सरहद्दीवरील व डोंगराळ प्रदेशातील जमीनदार आणि कुलप्रमुख आपापल्या माणसांना जबाबदार धरले गेले. या व्यवस्थेत ज्याला प्रमुख नाही तो आपोआप संशयित. कुळ मोडण्याचे काम राजसत्ता स्वतःही करी. १६०३ मध्ये मॅकग्रेगर या कुळाचे नावच बेकायदा ठरवले गेले. हे नाव धारण करण्यावरची बंदी मध्यंतरी उठली, पुन्हा लागली आणि कायमची रद्द व्हायला १७७४ साल उजाडले. येथे ‘ब्रोकन’ या शब्दात हृदयाचा काही संबंध नाही. मोडलेला आहे तो माणसाचा समूहाशी असलेला बंध, आणि त्या मोडण्याला तारीख, कायदा व कर्ता आहे.

ही संज्ञा एकोणिसाव्या शतकात समाजशास्त्रीय विचारात आली, ती हेन्री मेन याच्या लेखनातून. मेन १८६२ ते १८६९ या काळात भारतात व्हाइसरॉयच्या मंडळाचा विधी सदस्य होता. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्राचीन संस्थांच्या इतिहासावरील व्याख्यानांत त्याने आयर्लंडमधील ‘फुइधिर’ या वर्गाची चर्चा केली. आपल्या टोळीपासून तुटलेली ही माणसे दुसऱ्या प्रमुखाच्या जमिनीवर आश्रयाला येत आणि त्याची कुळे होऊन राहत. फ्रेडरिक सीबोम याने १८९५ मध्ये वेल्समधील टोळीव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. त्यातील ‘अल्टुड’, म्हणजे परक्या लोकांतला, हा वर्ग थेट याच जातीचा.

मेन आणि सीबोम यांची ही पुस्तके डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बारकाईने वाचली होती. अस्पृश्य मूळचे कोण आणि ते अस्पृश्य कसे झाले, या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस तो अर्पण केलेला आहे. या ग्रंथाची मध्यवर्ती संज्ञा ‘ब्रोकन मेन’ हीच आहे. त्यांची मांडणी थोडक्यात अशी : टोळ्यांच्या काळात काही टोळ्या शेती करून स्थिरावल्या, काही भटक्या राहिल्या. सततच्या लढायांत पराभूत टोळ्या फुटल्या आणि त्यांची माणसे पांगली. स्थिरावलेल्या गावांना राखणदार हवे होते; पांगलेल्यांना अन्न आणि आसरा हवा होता. या गरजांतून एक करार झाला. मात्र रक्ताच्या नात्यावर उभ्या असलेल्या समाजात परक्या टोळीच्या माणसांना गावात जागा नव्हती, म्हणून ती वेशीबाहेर वसली. महाराष्ट्रातील महारांच्या परंपरागत बावन्न हक्कांची चर्चाही या संदर्भात येते. ‘अंत्य’ म्हणजे सृष्टीच्या क्रमात शेवटी जन्मलेला असा अर्थ त्यांनी नाकारला. गावाच्या अंताला राहणारा, असा अर्थ त्यांनी मांडला.

यापुढचा प्रश्न या ग्रंथाचा गाभा आहे, असे आम्हांला वाटते. आयर्लंड आणि वेल्समध्येही मोडलेली माणसे गावाबाहेर राहत होती. मग तेथे त्यांच्या वेगळ्या वस्त्या का उरल्या नाहीत? आंबेडकर दाखवतात की, तेथे रक्ताच्या नात्याची जागा हळूहळू प्रदेशाच्या नात्याने घेतली, आणि काही पिढ्यांनंतर परका माणूस समाजाचा घटक होण्याची वाट नियमांतच होती. भारतात ती वाट बंद झाली, कारण मध्ये अस्पृश्यता आली. या मोडलेल्या माणसांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता, त्यामुळे ब्राह्मणधर्माचा त्यांच्यावर रोष होता, आणि गोमांसभक्षण वर्ज्य ठरल्यावरही ते मृत गायीचे मांस खात राहिले. यांतून इसवी सन ४०० च्या सुमारास अस्पृश्यता जन्मली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दुवे निखळलेल्या ठिकाणी अभ्यासकाला कल्पनाशक्तीचा आधार घ्यावा लागतो, हे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने नोंदवले आहे. पुढील इतिहासकारांनी ही उपपत्ती सर्वस्वी मान्य केलेली नाही. पण तिच्या सत्यासत्यतेइतकेच तिचे व्याकरणही महत्त्वाचे आहे. जन्म, कर्म, वर्ण यांच्या भाषेत ज्यांची अवस्था ‘असते’, त्यांची अवस्था येथे ‘झाली’ आहे. जे झाले ते कोणत्या तरी काळी घडले, कोणी तरी घडवले, आणि म्हणून ते बदलता येते. ‘ब्रोकन’ या एका धातुसाधिताने विधिलिखिताचे रूपांतर इतिहासात केले.

आता ‘दलित’ या शब्दाकडे येऊ. ‘ब्रोकन मेन’ हे ‘दलित’चे इंग्रजी भाषांतर आहे, असे पुष्कळदा म्हटले जाते, आणि विद्यार्थ्यांच्या टिपणांत तर ते सिद्धान्तासारखे उतरते. शब्दार्थ पाहिले तर हे समीकरण मोहक आहे. ‘दल्’ या संस्कृत धातूचा अर्थ फुटणे, भेगाळणे, उकलणे. ‘दल’ म्हणजे तुकडा, अर्धा भाग, तसेच पाकळीही. द्विदल धान्य, डाळ आणि जात्यावरचे आपले दळण ही सारी याच धातूची प्रजा मानली जाते. मोल्सवर्थच्या कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची, ‘दलित’ या शब्दाचा अर्थ दळलेले, फोडलेले, तुकडे केलेले असा दिला आहे. म्हणजे वस्तूंना लागणारा अर्थ.

पण माणसांसाठी हा शब्द रूढ झाला तो दुसऱ्या इंग्रजी संज्ञेच्या सावलीत. ब्रिटिश कारभारात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हा शब्दप्रयोग होता. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ स्थापन केले, तेव्हा मराठीत त्याला ‘निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ असे नाव होते. ‘डिप्रेस्ड’ची जागा तेव्हा ‘निराश्रित’ने घेतली होती. आंबेडकरांनी १९२४ च्या सभेसाठी आणि १९२७ च्या पत्रासाठी ‘बहिष्कृत’ हा शब्द निवडला. त्यानंतरच्या काळात ‘दलित’ हळूहळू स्थिरावला. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला मराठीत दलित फेडरेशन म्हटले जाई. म्हणजे १९४८ च्या ग्रंथाआधीच हा शब्द चळवळीत वावरत होता. ‘दलित’ आणि ‘ब्रोकन’ या दोन शब्दांच्या वाटा वेगळ्या होत्या. अर्थाच्या चौकात त्या भेटल्या, एवढेच म्हणता येईल.

हा भेद कोणाला शब्दच्छल वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. या पाच शब्दांतील प्रतिमा निरनिराळ्या आहेत. ‘डिप्रेस्ड’ म्हणजे खाली दाबलेला. त्यात उंच-नीच अशी उभी रेषा आहे आणि दाबणाऱ्या भाराचा उल्लेख नाही. ‘निराश्रित’ म्हणजे आधार नसलेला. त्यात आधार देणाऱ्या दात्याची जागा आधीच राखून ठेवलेली आहे. ‘बहिष्कृत’ या शब्दात बाहेर टाकणारा कर्ता स्पष्ट आहे. ‘ब्रोकन’ या शब्दात समूहापासून तुटणे आहे, पण इंग्रजीच्या सवयीप्रमाणे मोडले की मोडवले, हे तो शब्द एकटा सांगत नाही. आंबेडकरांना ते युद्धाच्या आणि धर्मसंघर्षाच्या कथनातून सांगावे लागले. ‘दलित’मध्ये दोन पाळ्यांमधला दाब आहे आणि त्या दाबाने झालेले तुकडेही आहेत. जाते आपोआप फिरत नाही. दळण म्हटले की दळणारा आलाच.

स्वातंत्र्योत्तर मराठी साहित्याने या शब्दातला आणखी एक अर्थ बाहेर काढला. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली आणि नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ही त्याच वर्षी आला. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने ‘दलित’ची व्याप्ती अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि धर्माच्या नावाने पिळले जाणारे सर्व, अशी केली. जो शब्द तुकड्यांचा होता तो तुकडे जोडण्यासाठी वापरला गेला. ‘दल्’ धातूचा कळी उमलण्याचा अर्थही कोशात आहे. तो लक्षात घेतला तर हे फारसे नवल नाही.

या शब्दावर आक्षेपही आले, आणि ते अभ्यासक्रमाबाहेर ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण मोडलेले उरलो नाही, आपण बौद्ध आहोत, ही भूमिका अनेकांनी घेतली. काहींनी ‘आंबेडकरी’ हे विशेषण पसंत केले. धातुसाधित विशेषण दीर्घकाळ वापरले की ते नाम होते, आणि नाम झाले की त्यातील क्रिया विसरली जाते, ही भीती त्यामागे आहे आणि ती रास्त आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील प्रकरणानंतर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने प्रसारमाध्यमांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ हा शब्द वापरण्याची सूचना केली, तेव्हा या शब्दाच्या बाजूनेही तितक्याच जोराने बोलले गेले. ‘अनुसूचित’ म्हणजे यादीत नोंदलेला. कायद्याला तो शब्द आवश्यक आहे. पण त्यात जातेही नाही, दळणाराही नाही आणि दळलेलाही नाही. आहे ती फक्त यादी.

स्वतःला काय म्हणवून घ्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. तेथे अध्यापकाने निवाडा देऊ नये. वर्गात मात्र आपल्याला एक गोष्ट करता येते. ‘दलित म्हणजे पिचलेला’ असे एका ओळीचे उत्तर मुलांनी लिहिले की, त्यापुढचा प्रश्न विचारता येतो : हे धातुसाधित कोणत्या क्रियापदाचे, आणि त्या क्रियापदाचा कर्ता कोण? व्याकरणाच्या तासाला हा प्रश्न दोन गुणांचा असतो. आंबेडकरांनी त्याचे उत्तर शोधण्यासाठी एक अख्खा ग्रंथ लिहिला.